घैसाससाहेब आणि सुप्याचा दगड

घैसाससाहेबांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम एक बुडबुडा असायचा. म्हणजे बोटभर लांबीची पितळी नळी, तिला वर काच, आत पिवळसर पाणी आणि त्या पाण्यात हवेचा एक थेंब. नळी सपाट जागी ठेवली की थेंब मधोमध येऊन थांबतो. जागा कललेली असली की उंच बाजूला पळतो. तसली नळी गवंड्याकडेही असते, पण साहेबांची नळी विलायतेत घडलेली होती. त्यामुळे नगर शहरातली कुठलीच गोष्ट तिला सरळ दिसत नसे.

ते कुठंही गेले की आधी बुडबुडा ठेवत आणि मग स्वतः बसत. कॉलेजातलं टेबल, लग्नातला पाट, न्हाव्याची खुर्ची, यातलं काहीच सुटलं नाही. कॉलेजसमोरच्या चहाच्या हॉटेलात त्यांचं एक ठरलेलं टेबल होतं. त्याच्या पायांखाली त्यांनी स्वतः खापऱ्या सारून ते समतल केलं होतं. झाडणाऱ्या माणसाकडून खापऱ्या रोज हलत आणि साहेब रोज पुन्हा वाकत. हॉटेलवाले बबनशेठ एकदा गल्ल्यावरून म्हणाले, "साहेब, चहा सांडत न्हाई तवर टेबल सरळच हाय की."

"बबनशेठ," साहेब टेबलाखालून म्हणाले, "घाटातली गाडी पण सांडेपर्यंत सरळच असते."

मी व्यक्तिचित्र वगैरे लिहिणारा माणूस नाही. काष्टीच्या शेतकरी घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे लिहिण्याची सवय मोजणीच्या वहीपुरतीच. गुरूबद्दल लिहायचं तर आदरानं लिहावं, हेही मला कळतं. तसा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा कागदावर जे उतरलं ते वाचून घैसाससाहेब म्हणाले असते, "हे कोण गृहस्थ?" म्हणून आता जसे होते तसेच लिहितो.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या कॉलेजात सर्वेक्षणाचा दोन वर्षांचा वर्ग नवा निघाला होता आणि रेल्वेतून निवृत्त झालेले घैसाससाहेब तिथं शिकवायला आले होते. वर्गात आल्याबरोबर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की त्यांना 'सर' म्हणायचं नाही. "सर शाळेत असतात. मी रेल्वेतला माणूस. मला साहेब म्हणा." आमची नावं त्यांनी विचारली नाहीत. गावं विचारली. मी काष्टीकर झालो आणि शेवटपर्यंत तोच राहिलो.

पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं. "काष्टीकर, लेव्हल म्हणजे काय?"

मी घाबरलो. पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत होती आणि ती मला अर्धीच आठवत होती. मी म्हणालो, "पाणी सोडलं आणि ते कुठंच गेलं नाही, तर ती जागा लेव्हल."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत, त्यांनी मान हलवली. "वा! पाटकऱ्यांची विद्या. मग इथं कशाला आलात? खोरं घेऊन बसायचं गावी."

पुढच्या वर्षी नवा वर्ग आला. काही नकाशे घेऊन मी त्या वर्गात शिरलो तेव्हा साहेब फळ्यासमोर उभे राहून सांगत होते, "पुस्तकं सोडा. मी साधी व्याख्या सांगतो. पाणी सोडायचं. ते कुठंच गेलं नाही, तर ती जागा लेव्हल." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "काय काष्टीकर, तुम्हालाही हेच सांगितलं होतं ना मी?"

"हो साहेब," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आमच्या त्या पहिल्याच तासाला आणखी एक गोष्ट घडली होती. साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : माणूस हलतो. यंत्र हलतं. मोजणीची साखळी लांबते. दगड हलत नाही. "म्हणून," ते म्हणाले, "मोजणी सुरू करायची ती दगडापासून. त्यावर बाणाची खूण करायची. तो आपला बेंचमार्क. तिथून निघायचं, जग हिंडून यायचं आणि परत त्याच दगडावर येऊन टेकायचं. जाताना दगडाची जी उंची धरली तीच परत आल्यावर मिळाली तर काम बरोबर. नाही मिळाली तर तुम्ही चुकलात. कारण दगड चुकत नाही."

मी हात वर केला. मला गप्प बसता आलं असतं, पण मला खरंच शंका होती. "साहेब, आमच्याकडे दगड हलतात."

"म्हणजे?"

"बांधावरचे. नांगरट झाली की शेजाऱ्याच्या बाजूनं वीतभर सरकलेले असतात."

"काष्टीला भूकंप होतो वाटतं," साहेब म्हणाले, आणि वर्गाला हसायला पुरेसा वेळ देऊन मग पुढं शिकवू लागले.

चालताना साहेब पावलं मोजत. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे, असं त्यांनी जाहीर केलं होतं. घर ते कॉलेज हे अंतर त्यांना पावलांत पाठ होतं, आणि वाटेत कुणी नमस्कार केला तर ते मानेनंच उत्तर देत, कारण तोंडात आकडा असायचा. एकदा ते कॉलेजात आले ते संतापूनच. अंतर तीस पावलांनी वाढलं होतं. "नगरपालिकेनं रस्ता वाकवलाय," ते म्हणाले. "ड्रेनेजच्या नावाखाली वळण टाकलंय आणि कुणाला सांगितलं नाही." आम्ही सगळे त्यांच्या पायांकडे बघत होतो. साहेबांनी नवीन चपला घेतल्या होत्या, आणि त्या त्यांना चावत होत्या. हे सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. मला वाटतं, त्यांनी नगरपालिकेला अर्ज केला असावा.

त्यांचं सगळं मोठेपण घाटावर उभं होतं. घाटातली रेल्वे हा विषय निघाला की साहेबांची पाठ ताठ होई. "सदतीस फूट पुढं जायचं तेव्हा एक फूट वर चढायचं. म्हणजे किती, ते इथं बसून कळायचं नाही. गाडी चढवणं इंजिनाचं काम. उतरवणं आमचं." उतारावर ब्रेक निसटलेली गाडी मुख्य मार्गावरून काढून चढावर नेऊन संपवणारा एक आडरूळ असतो. गाडी त्या चढावर दमते आणि थांबते. तो आडरूळ फळ्यावर काढताना साहेबांचा हात फार सुंदर चालायचा. एवढी गोष्ट मी प्रामाणिकपणे कबूल करतो. खडूची ती एकच रेघ मुख्य रुळापासून हळूच सुटायची, आणि ती कुठं सुटली हे शोधूनही सापडायचं नाही. "वळण असं सुरू व्हायला पाहिजे," ते म्हणायचे, "की प्रवाशाला कळू नये. ज्याला वळण कळलं तो प्रवासी आमच्यावर हसला असं समजायचं."

घाट संपला की मुंबई यायची. "शहरात रूळ टाकणं म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरातून साखळी ओढणं." त्यांच्या एका गोष्टीत खरोखरच एका बाईचं स्वयंपाकघर होतं. शहरातल्या नव्या मार्गाची आखणी चालू असताना मार्गाची मध्यरेषा त्या बाईच्या चुलीवरून गेली. बाई म्हणाली, भात शिजेपर्यंत चूल हलणार नाही. साहेबांनी तिथंच उभं राहून तोंडी हिशेब केला आणि वळणाची त्रिज्या बदलून रूळ चुलीला वळसा घालून नेला. ही गोष्ट मी तीनदा ऐकली. तिन्ही वेळा त्रिज्या वेगळी होती. भात मात्र दर वेळी शिजला.

या गोष्टींना एकच साक्षीदार होता, गेनू खलाशी. खलाशी म्हणजे रेल्वेत सामान वाहणारा गडी. तिथं तो साहेबांच्या हाताखाली होता, आणि निवृत्तीनंतर साहेबांनी त्याला कॉलेजात यंत्रं सांभाळायला लावलं होतं. उंच पट्टी, म्हणजे स्टाफ, सरळ धरावा तर गेनूनंच. एकदा सावेडीच्या माळावर आम्ही साखळीकाम करत होतो. सावेडीत तेव्हा बाभळी आणि मेंढरंच होती. साहेब दूर छत्रीखाली बसले होते, ते बघून मी गेनूला विचारलं, "गेनूभाऊ, साहेब घाटात खूप वर्षं होते का हो?"

"हुते की," गेनू म्हणाला. "पर बंगल्यात."

"आणि ती चुलीची गोष्ट?"

गेनूनं स्टाफ दुसऱ्या खांद्यावर घेतला. "त्या बाईनं उलथनं फेकलं हुतं. त्रिज्या तवा बदलली."

तर असे आमचे साहेब. आता सुप्याचं सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्यापुढं किरकोळ आहे.

आमच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नगरच्या काही वकील-व्यापाऱ्यांनी एक रेल्वे समिती काढली. नगरपासून सुप्यामार्गे डोंगर चढून एक फाटा न्यावा, असा अर्ज सरकारकडे जाणार होता. अर्जाला जोडायला प्राथमिक मोजणी हवी होती. अध्यक्ष असलेले वकीलसाहेब घैसासांना भेटले, आणि घैसाससाहेबांनी आमच्या वर्गाची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा तिथंच घ्यायचं ठरवलं. सुप्यातून निघायचं, बरडाची टेकडी चढायची, माथ्यावरून फिरून दुसऱ्या बाजूनं खाली यायचं. सात मैलांचा फेरा. परत आल्यावर चूक पाव फुटाच्या आत असली तर पास. नाही तर नापास, आणि नापासाला दाखला नाही.

वही माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर बरं होतं. त्याबरोबर साहेबांचा एक नियमही आला : वहीत ज्याचं अक्षर, चूक त्याची.

मला तो दाखला का हवा होता, हे थोडक्यात सांगतो. बांधकाम खात्यात माझ्यासाठी जागा बोलून ठेवली होती, पण तेवढंच नाही. आमच्या गावात मोजणीवाला आला की माझे वडील टोपी काढून उभे राहत. तो साखळी कशी धरतो, काय लिहितो, हे विचारायची त्यांची छाती होत नसे. मी हा वर्ग घेतल्यापासून ते काष्टीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत, "पोरगं मोजनी शिकतंय. आता आपल्याला टोपी काढायचं काम न्हाई." मी नापास होऊन गेलो असतो तर ते रागावले नसते. त्यांनी फक्त बाजाराला जाणं बंद केलं असतं.

सुप्यात मारुतीच्या देवळासमोर लिंबाखाली एक काळा दगड अर्धा मातीत रुतलेला होता. साहेबांनी तो निवडला. गेनूनं छिन्नीनं त्यावर बाण कोरला. बघायला सगळा गाव जमला होता, आणि माणसं जमली की साहेबांना बोलल्याशिवाय राहवत नसे. ते बुडबुडा हातात घेऊन उभे राहिले.

"मंडळी, हा आता साधा दगड नाही. उद्या तुमच्या गावाला गाडी आली तर ती या दगडापासून मोजून येईल. हा रेल्वेचा देव आहे असं समजा! याला कुणी हात लावायचा नाही. काय?"

"न्हाई लावायचा," गाव म्हणाला. देवळाचे पुजारी रंभाजी गुरव सगळ्यात पुढं होते. त्यांनी तर हात जोडले.

दगडाची उंची आम्ही शंभर फूट धरली. ती धरायची असते. खरी नसते. यंत्र लावलं, साहेबांनी दुर्बिणीतून आकडा सांगितला, मी लिहिला. मग यंत्र हलवायच्या आधी मी गेनूला म्हणालो, "भाऊ, तेवढा देवळाच्या उंबऱ्यावर स्टाफ धरता का?" आकडा मी स्वतःच वाचला आणि पुढच्या ओळीत लिहिला. उंबरा एकशे दोन पूर्णांक छत्तीस.

मी हे का केलं? आमचे आजोबा बांधाच्या प्रत्येक दगडाचं विहिरीच्या काठापासूनचं अंतर पावलांनी ध्यानात ठेवत. दगड सरकला तरी विहीर सरकत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

साहेबांनी ती ओळ पाहिली. "हा उंबरा कशाला? गाडी दर्शनाला जाणार आहे का?" गाव हसला. "कागद मिळत नाही बाजारात, काष्टीकर. एक ओळ फुकट घातलीत."

मी मान खाली घातली. जेवणाच्या सुट्टीत त्याच दगडावर बसून मी भाकरी खाल्ली. दगड इतका बुटका होता की गुडघे हनुवटीला लागत होते.

पुढचे नऊ दिवस आम्ही टेकडीवर होतो. मुक्काम टेकडीच्या पलीकडल्या वाडीत होता, त्यामुळे गावात कुणी फिरकलं नाही. साहेबांना चढाव सोसत नव्हता. शंभर पावलांवर ते थांबत, बुडबुडा काढून खडकावर ठेवत आणि खडक किती कललाय ते बघत. श्वास खाली बसेपर्यंत तो खडक कललेलाच असे. पण आकडा वाचताना ते कधी घाईत नव्हते. तीनदा वाचत आणि मगच सांगत. स्टाफ धरून गेनू काही बोलायला गेला की ओरडत, "गेनू! स्टाफ धरायचा. बोलायचं नाही!"

दहाव्या दिवशी उन्हं कलताना आम्ही सुप्यात उतरलो. वकीलसाहेब नगरहून मोटार घेऊन आले होते. साहेबांनी त्यांना शब्द दिला होता की सात मैल हिंडून केसाचाही फरक पडणार नाही. देवळापुढं ही गर्दी. दगड झेंडूच्या माळांनी झाकून गेला होता, गुलाल उधळला होता. साहेब खूश झाले. "बघा वकीलसाहेब, गावाला बेंचमार्कचं महत्त्व कळलंय." यंत्र जरा लांब लावलं. गेनू गर्दीतून वाट काढत गेला आणि त्यानं माळा बाजूला सारून बाणावर स्टाफ टेकवला. साहेबांनी तीनदा वाचलं. मी बेरीज-वजाबाकी केली.

दगडाची उंची शंभरच यायला हवी होती. ती आली एकशे एक पूर्णांक त्रेचाळीस.

मी पुन्हा केली. तीच आली. मग साहेबांनी वही ओढून घेऊन स्वतः केली. दगड जवळजवळ दीड फूट वर आला होता.

"हं," वकीलसाहेब म्हणाले.

ते एवढंच म्हणाले, पण ते साहेबांना लागलं. ते वळले, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "वकीलसाहेब, यंत्र माझं आहे. डोळा माझा आहे. अक्षर यांचं आहे. हे काष्टीचे. पाणी जिथं थांबतं ती लेव्हल म्हणणारे. कुठंतरी आकडा खाल्ला आहे." खिशातून तांबडी पेन्सिल निघाली. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं : नापास.

मग सगळे चावडीवर चहाला गेले.

मला तिथं जायचं नव्हतं. मी दहा दिवसांची पानं उलटत तिथंच फिरत राहिलो. प्रत्येक आकडा मला आठवत होता, आणि कुठला खाल्ला ते सापडत नव्हतं. शेवटी पाय दुखायला लागले तसा मी लिंबाखाली त्या दगडावर बसलो.

"ए! ऊठ! ऊठ म्हनतो ना! देवावर बसतोस व्हय रं?" रंभाजी गुरव हातातली घंटा तशीच घेऊन देवळातून धावत आले.

मी उठलोच नाही. मला माझे पाय दिसत होते. नऊ दिवसांपूर्वी याच दगडावर माझे गुडघे हनुवटीला लागले होते. आता माझी पावलं जमिनीला नीट टेकत नव्हती. मी माळा बाजूला सारल्या. दगडाखाली ताशीव दगडांचा नवा कोरा ओटा होता. चुना अजून ओला वाटत होता. आम्ही सगळे त्या दगडाचे आकडे बघत होतो, दगड कुणी बघितलाच नव्हता.

मी स्वतः होऊन चावडीवर गेलो असतो की नाही, मला सांगता येत नाही. मला भीती वाटत होती. पण रंभाजींनी माझं मनगट धरलं आणि तक्रार करायला मला ओढतच नेलं.

"साहेब, ह्यो तुमचा इद्यार्थी तुमच्या देवावर बसला हुता!"

"माझ्या देवावर?" साहेबांच्या हातात बशी होती.

"तुमीच म्हनले न्हाई का, रेल्वेचा देव हाय म्हून? मंग आमी त्याला वर घेतला. देव काय मातीत ठिवायचा? शेरडं येत्यात, काय काय करत्यात त्याच्यावर."

"वर घेतला म्हणजे?"

"वटा बांदला की हातभर. पाटलांनी चुना दिला."

साहेब उभे राहिले. "मी सांगितलं होतं, कुणी हात लावायचा नाही!"

"हात कुनी लावला?" रंभाजी म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "समद्यांनी अंगुळ केली, आन् पहारीनं उचलला."

वकीलसाहेबांना ठसका लागला. तो थांबल्यावर ते म्हणाले, "घैसास, गाडी यायच्या आधीच गावानं फलाट बांधला म्हणायचा."

साहेब गेनूकडे वळले. "गेनू! तू स्टाफ धरलास. तुला ओटा दिसला नाही?"

"दिसला की."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमीच म्हनता, स्टाफ धरायचा, बोलायचं न्हाई."

चावडीत कुणी हसलं नाही. त्यामुळे ते जास्त वाईट झालं. साहेबांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता ते म्हणतील, चूक झाली. ते म्हणाले, "दगड हलला असं एक गुरव म्हणतो. सर्वेक्षणात ऐकीव गोष्ट चालत नाही. किती हलला, मोजला कुणी? वहीत काय आहे? वहीत जे आहे तेच खरं."

"साहेब," मी म्हणालो. मी वहीचं पहिलं पान उघडलं. "वहीत उंबरा आहे."

त्यांनी कोट घातला आणि चालायला लागले. आम्ही सगळे मागे.

यंत्र अजून तिथंच उभं होतं. गेनूनं देवळाच्या उंबऱ्यावर स्टाफ धरला. प्रकाश कमी होत चालला होता. साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ते फार वेळ वाकलेले राहिले. मी त्यांच्या शेजारी वही उघडून उभा होतो आणि एक वाईट विचार माझ्या मनात आला : आकडा यांच्या हातात आहे. हवा तो सांगतील. कुणाला कळणार आहे?

त्यांनी आकडा सांगितला. मी हिशेब केला. उंबरा एकशे दोन पूर्णांक एकोणचाळीस. निघताना छत्तीस होता. सात मैलांच्या फेऱ्यात तीन शतांश फुटांचा, म्हणजे अर्ध्या बोटाचाही नाही एवढा फरक.

साहेबांनी वही घेतली. मोजणीच्या वहीत खोडरबर चालत नाही, हा त्यांचाच नियम. चुकीचा शब्द एका रेघेनं असा कापायचा की खालचा शब्द वाचता आला पाहिजे. त्यांनी 'नापास'वर एक रेघ मारली. त्याखाली लिहिलं : "दुसऱ्या खुणेवर तपासले. पास." आणि सही. त्यांच्या खडूच्या रेघांसारखीच ती रेघ सरळ आणि सुंदर होती. त्यामुळे माझ्या वहीत 'नापास' हा शब्द आजही कुणालाही स्वच्छ वाचता येतो.

समितीला जो अहवाल गेला त्याची नक्कल मी केली. त्यात लिहिलं होतं, "स्थानिक लोकांच्या अज्ञानामुळे मूळ खूण हलली होती, परंतु सर्वेक्षकाच्या दक्षतेमुळे ही गोष्ट वेळीच उघडकीस आली." सर्वेक्षक म्हणजे घैसाससाहेब. मी ते वाक्य चांगल्या अक्षरात उतरवून काढलं.

दाखला मिळाला, नोकरी मिळाली. सरकारकडून त्या अर्जाचं उत्तर आल्याचं मी ऐकलं नाही, आणि गाडीही आली नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी मी कामासाठी पुण्याला निघालो होतो. मोटार सुप्याला चहापाण्यासाठी थांबली. मी सहज देवळाकडे गेलो. दगड आता शेंदरानं इतका जाड झाला होता की बाण दिसत नव्हता. वर पत्र्याचं छप्पर आलं होतं, घंटा आली होती. आणि दगडापाशी पाठमोरे, तोच कोट घातलेले घैसाससाहेब उभे होते. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग उजव्या खिशातून बुडबुडा काढून देवाच्या डोक्यावर ठेवला आणि वाकून बघत राहिले.

"पूर्वेला कललाय," ते स्वतःशीच म्हणाले.

"नमस्कार, साहेब."

ते दचकले. बुडबुडा खिशात गेला. त्याला शेंदूर लागला होता, तो कोटालाही लागला. मला त्यांनी ओळखायला थोडा वेळ घेतला, किंवा तसं दाखवलं. ते पुष्कळ थकले होते.

"काष्टीकर. नोकरी कशी आहे?"

"बरी आहे, साहेब."

"वडील?"

"बरे आहेत. बाजाराला जातात."

यात काय विशेष, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी देवळाच्या उंबऱ्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. "कुठंही काम काढलंत तरी दुसरी खूण घेत जा. एका दगडावर विसंबायचं नाही. दगड हलतात." त्यांनी कोटावरचा शेंदूर झटकला. "हे मी तुम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं."

मोटारीचा भोंगा वाजला.

"हो साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते थांब्यावरच्या नगरच्या मोटारीकडे चालू लागले. मी मागून निघालो. मध्येच रंभाजींनी त्यांना हाक मारली, नमस्कार केला. साहेबांनी नुसती मान हलवली. त्यांचे ओठ हलत होते. पावलं आता अडीच फुटांची राहिली नव्हती, पण मोजणी चालू होती.